राखाडी कार्ड

सकाळी सव्वाआठ वाजता उजव्या डोळ्यावरची पट्टी निघाली, आणि पहिल्यांदा दिसली ती औषधाच्या बाटलीची टोपी. एवढीशी, करंगळीच्या पेराएवढी; नर्सने स्टीलच्या ट्रेमध्ये उपडी ठेवलेली. पांढरी. इतकी पांढरी की त्याला वाटलं, हिच्या आत काहीतरी पेटलेलं आहे. त्याने उजवा डोळा मिटला आणि डाव्याने पाहिलं. टोपी पिवळट झाली – हळदीसारखी नव्हे, साठवून ठेवलेल्या वर्तमानपत्राच्या कडेसारखी, जिला कोणी मुद्दाम पिवळी म्हणणार नाही अशी. पुन्हा उजवा : पांढरी. पुन्हा डावा...

“काका, डोळे काय मारताय,” नर्स म्हणाली, “मुलगी शेजारीच उभी आहे तुमची.”

मुलगी हसली. तोही हसला, पण टोपीवरची नजर न काढता.

डॉक्टर उभ्याउभ्याच बोलले. मोतीबिंदू चांगलाच पिकला होता. सात-आठ वर्षांपासून असणार. “एका दिवसात होत नाही ना, म्हणून कळत नाही. डोळ्यापुढे पिवळी काच धरल्यासारखं दिसत असतं, आणि माणसाला वाटतं, जगच तसं आहे.” हे त्यांनी उद्या ढगाळ राहील अशा आवाजात सांगितलं. “डाव्याचंही पुढच्या गुरुवारी उरकून टाकू. थोडे दिवस सगळं निळसर वाटेल हं. घाबरायचं नाही.”

सात-आठ वर्षं. गाडीत बसल्यावर मुलीने विचारलं, “कसं वाटतंय, बाबा?” तो म्हणाला, “धुतल्यासारखं.” सिग्नलला शेजारी उभ्या असलेल्या माणसाचा सदरा, बसथांब्याची पाटी, झेब्रा क्रॉसिंगचे पट्टे – जग एवढं पांढरं होतं आणि आपल्याला कोणी सांगितलं नाही, असं काहीसं त्याच्या मनात येत होतं. त्यात तक्रार नव्हती, लहान मुलाला जत्रेत वाटतं तसं नुसतं नवल होतं. हे नवल घराचं दार उघडेपर्यंत टिकलं.

दिवाणखान्यातल्या समोरच्या भिंतीवर त्याने स्वतः छापून, स्वतः चौकटीत बसवून लावलेले फोटो होते. सगळे बायकोचेच. खिडकीपाशी, लाकडी खुर्चीत, रविवारी सकाळी. तो चपला न काढता तसाच उभा राहिला. ओठ जांभळट. गाल शिळ्या राखेचे. एका फोटोत तिच्या हातात दुधाचा कप होता, आणि दूध निळं होतं. एकात ती मोठ्याने हसत होती, आणि पाण्यातून बऱ्याच उशिरा वर काढलेलं माणूस हसावं तशी दिसत होती. त्याने घाईने उजव्या डोळ्यावर तळवा धरला. ती परत आली. उबदार, नेहमीची, गालावर ऊन घेतलेली – गेली दोन वर्षं, ती गेल्यापासून, रोज सकाळी इथे उभं राहून तो बघत आला होता, ती. तळवा काढला...

थोडे दिवस सगळं निळसर वाटेल. डॉक्टरांनी सांगितलंच होतं की. हे वाक्य त्याने बुडत्याने काडी धरावी तसं धरलं.

“हे फोटो कसे दिसतात गं तुला?”

“म्हणजे?” मुलगी स्वयंपाकघरातून म्हणाली.

“रंग. रंग कसे दिसतात?”

ती हात पुसत बाहेर आली, भिंतीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. “छान आहेत की.”

“छान नको. रंग सांग.”

“निळे आहेत, बाबा.” मग त्याचा चेहरा पाहून ती घाईने म्हणाली, “पण तसेच होते ना पहिल्यापासून! आम्हाला वाटायचं, तुमची स्टाइल आहे ती. आई नाही का म्हणायची, मला भाजीच्या कप्प्यात ठेवून काढलाय फोटो...” आणि ती हसली, आणि हसता हसता थांबली, कारण आईचं वाक्य आईच्याच आवाजात निघालं होतं.

तिला ऑफिसला उशीर होत होता. दुपारचं औषध त्याने स्वतः घालायचं, डोळा चोळायचा नाही, वाकायचं नाही, स्क्रीनसमोर तर बसायचंच नाही. संध्याकाळी ती येईल आणि संध्याकाळचं औषध ती घालील. “बसणार नाही म्हणा.”

“नाही बसणार.”

“तुमचा काही भरवसा नाही,” असं म्हणून ती गेली, आणि घर शांत झालं. म्हणजे फ्रीजचा आवाज ऐकू येऊ लागला.

विमा कंपनीत तो दाव्यांची छाननी करायचा. चेपलेल्या गाड्या, जळलेली गोदामं, भिजलेल्या कापडाच्या गाठी – लोक फोटो पाठवायचे आणि त्यात खरं किती, बनाव किती, ते त्याने ठरवायचं. अपघात सकाळी झाला म्हणताय, मग सावली एवढी आखूड कशी? पुरात बुडालेल्या दुकानात वरच्या फळीवरचा खोका ओला आणि खालचा कोरडा कसा? साहेब म्हणायचे, याच्या नजरेतून मुंगी सुटत नाही. तीस वर्षं तो दुसऱ्यांच्या फोटोंवर संशय घेत आला आणि रविवारी स्वतःचे काढत आला. या दोन कामांचा एकमेकांशी काही संबंध असेल, असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

पहिला कॅमेरा पहिल्या बोनसचा. तेव्हा फिल्म असायची, आणि तो न्हाणीघराच्या खिडकीला काळा कागद चिकटवून आत तासन् तास फोटो धूत बसायचा. नव्या नवरीने दार ठोठावावं : “अहो, मला आंघोळ करायचीय. तुमची माणसं बादलीतून काढा आधी!” मग रंगीत फिल्म आली आणि न्हाणीघर मोकळं झालं. मग डिजिटल. पहिल्या डिजिटल कॅमेऱ्याच्या खोक्यात एक सीडी होती, तिच्यात फोटो सुधारण्याचं सॉफ्टवेअर : चार बटणं, त्यातलं एक लाल डोळे काढायचं. ते अपुरं पडलं तेव्हा तिपाईने एक तबकडी आणून दिली, वर मार्करने नुसतं ‘नवीन’ लिहिलेली. तिपाई म्हणजे त्याचा मित्र, बँकेतला रोखपाल. उंच, सडपातळ, उभा राहताना पाय फाकून उभा राहायचा, म्हणून तिपाई. सगळा फोटोक्लब ती तबकडी वापरत होता. पुढे महिन्याला वर्गणी भरायचं सॉफ्टवेअर आलं, आणि ते खरं शहाणं निघालं : मूळ फाइलला ते हातच लावत नसे. तुम्ही हवं ते करा, कितीही पट्ट्या सरकवा. खाली मूळ फोटो होता तसाच झोपलेला. ही त्याला फार मोठी सोय वाटली होती. काहीच हरवत नाही...

काहीच हरवत नाही.

लेन्स तर किती आल्या. प्रत्येक खोकं घरात आलं की ती कमरेवर हात ठेवून उभी : “आली का नवी सवत?” आणि मग स्वतःच जाऊन खिडकीपाशी खुर्चीत बसायची, कारण कोणतीही लेन्स आली की तिची परीक्षा बायकोच्याच चेहऱ्यावर व्हायची – पापणीचा केस सुटा दिसतो का, कानातल्या खड्यावरची चमक फुटते का. वर्षानुवर्षं. तिचा फोटो असा तो काढतच नव्हता. तो लेन्सचा काढत होता, ती समोर असायची. निवृत्त झाल्यावर कधीतरी त्याच्या लक्षात आलं की ही सलग मालिकाच झालीय, आणि मग त्याने ती शिस्तीत घेतली : दर रविवारी, दहाच्या सुमाराला, तीच खुर्ची, तीच खिडकी. आणि पहिली फ्रेम नेहमी कार्डाची.

राखाडी कार्ड. पोस्टकार्डापेक्षा जरा मोठा जाड पुठ्ठा, दोन्ही बाजूंनी राखाडी – ज्यात पिवळं नाही, निळं नाही, लाल नाही, असा राखाडी. खोलीतल्या उजेडाला स्वतःचा एक रंग असतो, तो सगळ्यांच्या अंगावर चढतो. नंतर कॉम्प्युटरवर त्या कार्डावर एकदा क्लिक केलं की सॉफ्टवेअर उजेडाचा रंग ओळखतं आणि वजा करून टाकतं. उरतो तो ज्याचा त्याचा खरा रंग. ते कार्ड ती हनुवटीखाली दोन्ही हातांनी धरायची, पोलिसांच्या फोटोत पाटी धरतात तशी, आणि दर रविवारी तेच विचारायची :

“गुन्हा काय, ते तरी सांगा.”

दुपारी त्याने आरशासमोर उभं राहून डोळ्यात औषध घातलं. अर्धं गालावरून ओघळलं. मग तो स्क्रीनसमोर जाऊन बसला.

पिवळेपणा पहिल्यांदा दिसला तो निवृत्तीनंतरच्या वर्षात. कार्डावर क्लिक केलं तरी फोटो पिवळाच. त्याने लेन्सवर ठपका ठेवला. जुनी काच, तिच्यावरचा थर उतरला असणार. लेन्स विकली, नवी आणली. पिवळाच. मग मॉनिटर. दुकानदाराशी हुज्जत घालून बदलून घेतला. पिवळाच. मग मॉनिटरवर लटकवायचं एक यंत्र आणलं, उंदराएवढं, जे स्क्रीनचे रंग मोजतं. यंत्राने मोजून सांगितलं की स्क्रीन बिनचूक आहे. त्याने ते यंत्रच सदोष म्हणून परत पाठवलं. मग सॉफ्टवेअरचं नवं रूप आलं, आणि त्याला कळलं की खोड इथेच होती, यांनी काहीतरी बदललंय. तेव्हापासून त्याने कार्डावर क्लिक करणं सोडलं. कार्डाची फ्रेम तो सवयीने काढत राहिला, पण रंग स्वतःच्या नजरेने लावू लागला. तापमानाची पट्टी असते. ती डावीकडे ओढली की फोटो थंड होतो. तो ओढत गेला. दर महिन्याला आणखी थोडी...

तिपाईने सांगितलं होतं. क्लबाच्या बैठकीत, सगळ्यांदेखत : “लेका, तुझी माणसं शवागारातून आल्यासारखी दिसतात. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात ना, ते तुझं चाललंय. काल लेन्स वाकडी, आज स्क्रीन वाकडी.” आणि तो काय म्हणाला होता?

“तू आधी चष्म्याचा नंबर तपासून घे.”

सगळे हसले होते. तिपाईच्या चष्म्याला. नंतर तिपाई रंगांबद्दल बोलला नाही. बाकीचे ‘वेगळं आहे’ म्हणू लागले. नजरेतून मुंगी न सुटणाऱ्या माणसाला कोण सांगणार?

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. म्हाताऱ्याने भिंतभर निळे फोटो लावले, मग डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि म्हाताऱ्याला उजेड पडला – क्लबात सांगायला झकास गोष्ट. त्याने खुर्ची पुढे ओढली. माउसवर हात ठेवला, काढला, पुन्हा ठेवला. कारण एक रविवार होता.

तो रविवार त्याला शोधावा लागणार नव्हता. त्या आठवड्यात खिडकीचा पडदा बदलला होता.

ती म्हणाली होती – आधी नुसतं अंगाला खाज येते म्हणाली, मग थकल्यासारखं वाटतं म्हणाली, मग एका सकाळी आरशापासून वळून, सहज, केस विंचरता विंचरता : “अहो, मी पिवळी दिसते का हो?”

त्याने पाहिलं होतं. नाही असं नाही. त्याने वर्तमानपत्र खाली ठेवून, चांगलं निरखून पाहिलं होतं. ती पिवळी दिसत होती. भिंतही दिसत होती. पलंगावरची चादर, दुधाचं पातेलं, तिच्यामागचा खिडकीचा पडदा, सगळं जसं होतं तशीच ती होती. म्हणून तो म्हणाला, “पडद्याचा रंग पडतोय तुझ्यावर. जुनाट झालाय तो.” आणि दोघांनी जाऊन नवा पडदा आणला, पांढराशुभ्र, तिनेच निवडला, आणि घरी आणून लावल्यावर तोही पिवळा दिसला तेव्हा तो मनात म्हणाला, दुकानातल्या दिव्यांनी फसवलं.

मग रविवार आला. तिने कार्ड धरलं, गुन्हा विचारला. नंतर दुपारी त्याने इथे, याच खुर्चीत बसून पट्टी डावीकडे ओढली, हळूहळू, तिचे गाल त्याला तिच्या गालांसारखे दिसेपर्यंत, आणि हाक मारली : “अगं, इकडे ये. बघ. कुठे पिवळी आहेस?”

ती आली. त्याच्या खांद्यावर हात ठेवून वाकली. स्क्रीनवर पाहत राहिली. त्या वेळी तिला काय दिसलं असेल, हे त्याला आज, या उजव्या डोळ्याने, कळत होतं : एक निळी, थंड बाई. पिवळी मुळीच नाही.

“हं,” ती म्हणाली. “नाहीय खरी. तुमचा कॅमेरा काही खोटं बोलायचा नाही.” आणि खांद्यावरचा हात उचलून ती आत गेली, आणि परत तो प्रश्न तिने विचारला नाही.

तीन महिन्यांनी मुलगी आली – तेव्हा ती दुसऱ्या शहरात असायची – आणि दारातच, हातातली बॅग खाली न ठेवता म्हणाली, “आई, तुझे डोळे किती पिवळे झालेत!” पित्तनलिकेत गाठ होती. डॉक्टर म्हणाले, “थोडं आधी आला असतात तर...” आणि वाक्य तिथेच ठेवून कागद उलटला. डॉक्टर असं म्हणतातच. सगळ्यांनाच म्हणतात. दोन वर्षं तो हेच स्वतःला सांगत आलाय, आणि बरं चाललं होतं. मी पाहिलं होतं की. तिने विचारलं तेव्हा मी टाळलं नाही, हातातलं टाकून पाहिलं. माझ्या नजरेला दिसलं नाही म्हणजे तेव्हा नव्हतंच. नंतर झालं असणार, त्या तीन महिन्यांत केव्हातरी, झपाट्याने. असे आजार झपाट्याने वाढतात...

त्या रविवारचा फोटो स्क्रीनवर होता. पडदा नवा, ती खुर्चीत, हनुवटीखाली कार्ड. खाली मूळ फाइल झोपलेली. एका क्लिकचं अंतर.

डोळ्यांची बुबुळं सोडून जे उरतं, ते पांढरं असेल – नाहीतर नसेल. पांढरं असलं तर त्या रविवारी ती निरोगी होती, प्रश्न नुसताच आला होता तिच्या मनात, बायकांच्या मनात येतो तसा, आणि तो दोषातून सुटला. नसलं तर... नसलं तर तिने वेळेवर विचारलं होतं. वैद्याला विचारावं तसं तिने त्याला विचारलं होतं, आणि त्याने तिच्या चेहऱ्यावरचा पुरावा पुसून, तोच चेहरा तिला निर्दोष म्हणून दाखवला होता. असा फोटो दाव्याबरोबर आला असता तर त्याने काय शेरा मारला असता, ते त्याला शब्दशः ठाऊक होतं.

तिथे तो बराच वेळ बसला. खिडकीतलं ऊन खुर्चीच्या पायावरून सरकून भिंतीला लागलं आणि विझायला आलं. तो एकदा उठला, पाणी प्यायला, भिंतीवरच्या फोटोंकडे न बघता परत आला. तिपाईला फोन करावा असं वाटलं, काय म्हणणार? गुरुवारी डावा डोळा. ऑपरेशन झालं की हा डोळाही धुतला जाईल, आणि मग ती, ती ऊन घेतलेली, पिवळ्या काचेआडची, जिला तो रोज सकाळी भेटत आलाय ती, कुठल्याच डोळ्यात उरणार नाही. मिटायला डोळाच उरणार नाही. भिंतीवर ही राखेची बाई राहील आणि फाइलमध्ये ती तिसरी, जी खरी, जिला त्याने कधी पाहिलेलंच नाही. एकाच बाईबरोबर इतकी वर्षं, आणि शेवटच्या पाच-सहा वर्षांतली बाई कशी दिसत होती ते या माणसाला माहीत नाही. बाकी सगळ्यांना माहीत आहे. दूधवाल्याला माहीत आहे.

त्याने उजव्या डोळ्यावर तळवा ठेवला, नीट, फट न ठेवता. डाव्या डोळ्याने बाणाचं टोक कार्डावर नेलं. आणि क्लिक केलं.

स्क्रीन किंचित हलल्यासारखी झाली. निळं ओसरलं, एवढं कळलं. ती पिवळी झाली – पण पडदाही पिवळा झाला, कार्डही, भिंतही, स्क्रीनची चौकटही. या डोळ्याला त्याहून जास्त काही सांगता येत नव्हतं. खरं काय ते आता समोर होतं, हातभर अंतरावर, उजेडात. फक्त तळवा काढायचा होता.

त्याने काढला नाही. उलट तळव्याखाली डोळा आणखी घट्ट मिटला, आणि त्याला कळलं की आपण घाबरलो नाही आहोत. घाबरण्याला पुढे काहीतरी असावं लागतं. हे त्याहून सपाट होतं. पांढरं निघालं तरी आपल्याला सुटल्यासारखं वाटणार नाही, हे त्याच्या ध्यानात आलं होतं – कारण हाक तर मी मारलीच होती. इकडे ये, बघ, म्हणून. पाहायचं असतं तिच्याकडे, आणि मी तिला स्क्रीनकडे पाहायला लावलं.

कुलपात किल्ली फिरली.

“बाबा? अंधारात काय बसलात? तरी सांगितलं होतं ना, स्क्रीनसमोर...” तिने पिशवी ठेवल्याचा आवाज, नळाचा आवाज, हात धुतल्याचा. मग औषधाची बाटली हलवत ती मागे येऊन उभी राहिली. “चला, मान वर करा.”

त्याने मान वर केली नाही. बाटली हलायची थांबली.

तिच्या श्वासावरून कळत होतं, ती स्क्रीनकडे बघतेय. तिने आईचा असा फोटो कधी पाहिला नव्हता. कोणीच पाहिला नव्हता. तो वाट बघत राहिला. आयुष्यभर त्याने बघण्याचंच काम केलं होतं. माणसाच्या गप्प राहण्यातून काय ओळखायचं, ते त्याला कधी शिकावंच लागलं नव्हतं.

“हा कधीचा, बाबा?” तिने विचारलं.

त्या आवाजात काय होतं? आईला अचानक पाहिल्यावर येतो तो कातरपणा, की दुसरं काही? त्याने आवाज पुन्हा मनात ऐकून पाहिला. दोन्ही बसत होते.

“पडदा बदलला, त्या आठवड्यातला,” तो म्हणाला.

तिने त्याच्या कपाळावर हात ठेवून मान हलकेच मागे टेकवली. तिची बोटं नळाच्या पाण्याने गार झाली होती.

“हात काढा,” ती म्हणाली. “उजवा उघडा.”

स्क्रीन चालू होती. तळवा अजून डोळ्यावर होता.